चौदावा प्रश्न

हिचं अक्षर मी चौतीस वर्षं ओळखतो. वाणसामानाच्या यादीत, कॅलेंडरच्या चौकोनात, औषधाच्या बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. तिरकं, घाईचं, शेवटचं अक्षर अर्धवट सोडून पुढे पळणारं. पण वकीलबाईंच्या फॉर्मवर चौदाव्या प्रश्नाखाली जे होतं ते सरळ होतं, एकेक अक्षर सुटं, शाळेतल्या मुलीनं शुद्धलेखनाला बसावं तसं. म्हणून आधी मला वाटलं की पाकिटांची अदलाबदल झाली आणि हे कुणा दुसऱ्याच बाईचं माझ्या हातात आलं. मग मजकुरात बाथरूम आलं, गीझर आला, सिस्टर आली, आणि एका ओळीत ‘माझ्या नवऱ्याने’ असं आलं. मी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

समोर ही बसली होती. मी भरलेला फॉर्म तिच्या पुढ्यात होता, पण ती तो वाचत नव्हती; त्यात वाचण्यासारखं काही नव्हतंही. वकीलबाईंची ही पद्धतच होती. नवरा-बायकोनं मिळून कंपनी काढायची म्हटली की त्या दोघांना दोन खोल्यांत बसवून एकच प्रश्नावली भरायला देत, आणि मग एकाचं पाकीट दुसऱ्यापुढे सरकवत. एकमेकांचं वाचल्याशिवाय पुढच्या कागदाला हात नाही. पहिल्या भेटीत त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी हसून म्हणालो होतो की बाई, आमच्यात लपवण्यासारखं राहिलंय काय, हिच्या गुडघ्याचा एक्स-रेसुद्धा मीच आणतो. बाई हसल्या नव्हत्या. मला वाटलं, वकिलांना विनोद कळत नाही.

तीन घरं. एकतीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून, खड्ड्यात उतरून, ग्रीसनं माखून मी तीन घरं केली आणि तिन्ही भाड्यानं दिली. तिन्ही जुन्या इमारतींतली, कुणी न घेतलेली, नळ गळणारी, दारं न लागणारी. ती मी माझ्या हातानं नीट केली. प्लंबर नाही, सुतार नाही, वायरमन नाही. कमरेला एकोणीस किल्ल्यांचा जुडगा आणि पिशवीत पान्हे घेऊन मी रविवारी तिन्ही घरं फिरतो, भाडेकरूंना काका म्हणून हाक मारायला लावतो आणि चहा पिऊन घरी येतो. ही म्हणते, तुम्हाला घरांपेक्षा त्यातलं बिघडलेलं जास्त आवडतं. तशी मजेत चालली होती गाडी. मग छत्रीवाल्याचं झालं. छत्रीवाला म्हणजे माझा जुना दोस्त, एके काळी छत्र्या विकायचा, त्याचीही माझ्यासारखीच भाड्यानं दिलेली घरं, दोन. त्याच्या जिन्याचा कठडा निखळला, भाडेकरू खाली आला, कंबर मोडली. खटला उभा राहिला आणि त्याची भाड्याची घरं गेली ती गेलीच, राहतं घरही गेलं, कारण सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर होतं. आता तो मुलीकडे एका पलंगावर राहतो. त्याला भेटून आलो आणि मला झोप लागेना. तेव्हा वकीलबाईंचा पत्ता काढला.

छत्रीवाल्याची गोष्ट ऐकून त्यांनी सगळं उलगडून सांगितलं होतं. नावावर ठेवलं तर सगळंच उघडं. साधी भागीदारी केली तर एकाच्या चुकीत दुसरा बुडतो. मर्यादित जबाबदारीची भागीदारी बरी, कंपनी त्याहून पक्की, ट्रस्टमध्ये मात्र घर देऊन टाकायचं आणि मग आपल्याच घराकडे परक्यासारखं बघायचं. मला तीन कंपन्या पसंत पडल्या. एका घराला एक. एक पडली तरी बाकीच्या दोन आपापल्या जागी उभ्या, आणि राहत्या घराला कुणाचा हात लागणार नाही. माझ्या धंद्यातलंच तत्त्व होतं ते. दोर तुटला की ब्रेकनं आपणहून पकडायचं, आतल्या माणसाला कळूही नये. मी तीन नावंसुद्धा ठरवून टाकली. हिनं फक्त एकच विचारलं की कंपनीला सभा घ्यावी लागते म्हणे, आणि काय बोलणं झालं ते लिहून ठेवावं लागतं? लागतं, बाई म्हणाल्या, दर तीन महिन्यांनी एक, म्हणजे तिन्हींच्या मिळून वर्षाला बारा. तेव्हा ही म्हणाली, लग्नाला चौतीस वर्षं झाली, एवढं बोलणं आमचं अजून झालेलं नाही. त्या वेळी मी मोठ्यानं हसलो. आता तो फॉर्म हातात धरून मला त्या हसण्याची लाज वाटली.

चौदावा प्रश्न असा होता: तुमच्यामुळे एखाद्या भाडेकरूला कधी इजा झाली आहे का? कुणालाही माहीत नसली तरी लिहा. मी लिहिलं होतं, नाही. शब्दाखाली एक रेघही मारली होती. हिनं लिहिलं होतं: ‘होय. तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरला. गेल्या हिवाळ्यात ती बाथरूममध्ये बेशुद्ध पडली ती अशक्तपणामुळे नव्हे. माझ्या नवऱ्याने गॅसच्या गीझरवरची, हवेसाठी असलेली झडपांची खिडकी ॲक्रिलिकच्या शीटने बंद केली होती. मी तिला बाहेर ओढलं तेव्हा शीट पाहिली आणि लोक जमायच्या आधी काढून आणली. हे त्यांना माहीत नाही. सांगायची हिंमत झाली नाही.’ आणि खाली सही. पूर्ण नावाची, जशी ती बँकेतच करते.

मी ते तीनदा वाचलं. आधी राग आला, तोही भलत्याच गोष्टीचा. खिडकी म्हणे बंद केली होती! बंद नव्हती केली, शीट बसवली होती. सिस्टर, म्हणजे हॉस्पिटलात नर्स असलेली आमची भाडेकरू, सांगत होती की काका, अंघोळीला हुडहुडी भरते, वरून नुसता वारा येतो. मी माप घेतलं, शीट कापून आणली, कडा कानशीनं घासल्या, चार कोपऱ्यांत चार भोकं पाडली आणि चार पितळी स्क्रू लावले. चौघांच्या डोक्यावरच्या खाचा उभ्या, एका ओळीत. ती माझी सवय आहे, मरेपर्यंत जायची नाही. मला काम शिकवणारा उस्ताद म्हणायचा, खाच वाकडी तर माणूस वाकडा. सिस्टर म्हणाली होती, काका, आता कशी ऊब राहते. ऊब. गीझर जळतो त्याला हवा लागते, ती मिळाली नाही की अर्धवट जळून जो वायू होतो त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस नुसता झोपल्यासारखा खाली बसतो. हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. कुठल्याही मेकॅनिकला ठाऊक असतं. मी त्या दिवशी वाऱ्याचाच विचार केला, गॅसचा केलाच नाही. एवढंच. याला दुसरं काहीही नाव नाही.

आणि ते बुटांचं कपाट. आमच्या दाराआड बुटांचं कपाट आहे, त्याच्या खालच्या खणात गेलं वर्षभर एक पारदर्शक शीट अंथरलेली आहे. ओल्या बुटांची माती लाकडाला लागू नये म्हणून असेल असं मी धरून चाललो होतो. रोज सकाळी वाकून मी त्यावरून बूट उचलतो. तिच्या कोपऱ्यांना भोकं आहेत हेही मी पाहिलं होतं, चार भोकं, कडा घासलेल्या. माझ्या हातचं काम मला ओळखू आलं नाही. ही मात्र तिथे त्या वाफेत, एका हातानं त्या मुलीला ओढत, वर बघून चार उभ्या खाचांवरून ओळखून मोकळी झाली होती. त्या दिवशी ती पडद्याचं माप घ्यायला गेली होती, बेल वाजवून दार उघडेना, पाण्याचा आवाज येत राहिला म्हणून तिनं माझ्या जुडग्यातली जादा किल्ली लावली, बाथरूमची कडी धक्के देऊन निसटवली. हे मला माहीत होतं. घरी येऊन तिनं एवढंच सांगितलं होतं की पोर उपाशी अंघोळीला गेलं, चक्कर आली. आणि मी, मी त्या संध्याकाळी जेवताना सगळ्या पिढीला नावं ठेवली होती, की यांना वेळेवर खायला नको, नुसता फोन हवा.

तिनं का सांगितलं नसेल हे मला विचारायची गरज नव्हती. लग्नानंतर सातव्या वर्षी माझ्या कामावरच्या जोडीदाराची दोन बोटं लिफ्टच्या चाकात गेली. चूक त्याची होती, चौकशीतही तसंच ठरलं, तरी मी तीन आठवडे जेवलो नाही आणि पान्हा हातात धरवेना. ही मला भरवायची. एकदा मी तिला म्हणालो होतो की माझ्या हातून कुणाचं काही झालं असतं ना, तर मी जगलो नसतो. माणूस असं काहीबाही बोलून जातो आणि विसरतो. बायका विसरत नाहीत, त्या जपून ठेवतात आणि त्या हिशेबानं आपल्याशी वागतात. अकरा महिने ही माझ्याशेजारी बसून जेवली, झोपली, मी रविवारी पिशवी घेऊन निघालो की दारापर्यंत आली. आणि मी फुशारकीनं बोलत राहिलो की आपल्या घरात आजवर एकाला खरचटलं नाही. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, वर्षभर बघत असल्यासारखी. डोळ्यांत पाणी नव्हतं. एकदाचं ओझं खाली ठेवलेल्या माणसाचा चेहरा होता तिचा, आणि मला ते ओझं उचलायचंच होतं, खरंच उचलायचं होतं, तेवढ्यात मला गेला रविवार आठवला.

गेल्या रविवारी ही बहिणीकडे गेली होती. मी पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. सिस्टर ड्यूटीवर होती, नळ गळतो म्हणून फोन करून गेली होती, किल्ली माझ्याकडे होतीच. त्या बाथरूममध्ये वर्षभरानं शिरलो होतो; नळाचं वायसर बदललं आणि सहज वर पाहिलं तर शीट नाही. नुसत्या झडपा, आणि त्यातून बोचरा वारा. कुणी काढली, कशी पडली, काही कळेना. हिवाळा तर तोंडावर. असली बारीक कामं मी घरी सांगत बसत नाही. तासाभरात बाजारातून नवी शीट आणली, या वेळी जरा जाड. कापली, घासली, बसवली. चार पितळी स्क्रू. मागे सरून, मान तिरकी करून पाहिलं, चारी खाचा उभ्या होत्या. संध्याकाळी सिस्टरचा फोन आला होता की काका, नळाबद्दल थँक्यू, आणि बाथरूम पण उबदार झालं. 

“मी ती परत बसवली,” मी म्हणालो.

हिला आधी कळलंच नाही. वकीलबाई काहीतरी लिहीत होत्या, त्यांनी पेन थांबवलं.

“काय बसवली?”

“शीट. गेल्या रविवारी. तू बहिणीकडे गेलीस तेव्हा.”

हिचा चेहरा असा कधी झालेला मी पाहिला नव्हता, मुलगा आमचा जन्मून दोन दिवसांनी गेला तेव्हाही नाही. ती उठली, पर्स खुर्चीवर तशीच ठेवून दाराकडे निघाली, आणि दाराशी तिचा गुडघा वळला तेव्हा चौकट धरून म्हणाली, “अहो, तुम्ही पळा. ती अडीचला घरी येते. आल्या आल्या अंघोळ करते.” भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती. मी फोन लावला. वाजत राहिला. ड्यूटीवर ती फोनचा आवाज बंद ठेवते आणि घरी जाऊन चालू करायला विसरते, हे मीच चारचौघांत हसत सांगायचो. वकीलबाई माझ्या मागून दारापर्यंत आल्या. बाई चांगल्या आहेत, त्यांचं काम त्या करत होत्या. त्यांनी हळू आवाजात, पण अगदी स्पष्ट सांगितलं की आज कंपनीचा कागद करता येणार नाही, कारण झालेलं कळल्यावर घरं हलवली तर न्यायालय ती परत ओढून आणतं, आणि हातानं केलेल्या कामाची जबाबदारी तशीही हातावरच राहते, कंपनी ती घेत नाही. मग माझा दंड धरून म्हणाल्या, “जा काका, शीट काढा. पण तिला एक शब्द बोलू नका. दुरुस्ती म्हणा. तुम्ही कबूल केलंत तर छत्रीवाल्याच्या शेजारी तुमचा पलंग लागेल.”

रस्ता मला आठवत नाही. सिग्नल आठवतो, लाल, आणि मी गाड्यांच्या मधून गेलो आणि कुणीतरी शिवी दिली. एका दुकानाच्या काचेत एक म्हातारा पळताना दिसला, पोट हलवत, कमरेला किल्ल्या खुळखुळत, आणि मला वाटलं, हा कुठे चाललाय मरायला. मनात सारखं एकच चालू होतं की आठवडा झाला, आठवडा, रोज ती अंघोळ करत असेल, मग तिला अजून कसं काही झालं नाही, की आजच व्हायचंय. मध्येच अगदी हलकट विचारही आला. आला हे मी कबूल करतो. तिनं दार उघडलं, ती बरी असली, तर चार स्क्रू काढायला दोन मिनिटं लागतात, दुरुस्ती म्हणायचं, शीट काखेत मारायची. दोन शीटा होतील, बुटांच्या कपाटाचे दोन खण झाकले जातील. मग तीन कंपन्या. इमारतीत शिरलो तर लिफ्ट सहाव्या मजल्यावर होती. एकतीस वर्षं मी लिफ्टचं खाल्लं आणि त्या दिवशी तिच्यावर विसंबलो नाही, जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर छातीत कळ आली ती गिळली.

बेल वाजवली. पुन्हा वाजवली. आतून पाण्याचा आवाज येत होता. एकोणीस किल्ल्या, आणि एरवी अंधारातही हवी ती हातात येते, त्या वेळी तीनदा चुकीची लागली. दार उघडलं तसा मी ओरडलो, काय ओरडलो ते माहीत नाही, आणि बाथरूमकडे धावलो, तर बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं, वाफ बाहेर पॅसेजपर्यंत आली होती, आणि आतून घाबरलेला, संतापलेला, जिवंत आवाज आला, “कोण आहे?”

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीला हात टेकले. म्हणालो, मी काका, गीझर बंद कर आणि बाहेर ये, आत्ता, तशीच. ती गाऊन गुंडाळून आली, केसांत साबणाचा फेस तसाच, तोंडावर राग आणि रागाखाली भीती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि तिचा रागच गेला, मला खुर्ची दिली, मनगट धरून नाडी बघितली. माझी नाडी ती बघत होती. मी विचारलं की दार का उघडं. ती ओशाळून म्हणाली, त्या वेळेपासून मी कडी लावत नाही काका, दार अर्धं उघडंच ठेवते, पुन्हा पडले तर कुणाला कळायला नको का. त्या उघड्या दारातून हवा येत राहिली म्हणून ती वाचली होती. माझ्या नव्या, जाड शीटखाली आठवडाभर ती वाचली ती तिला माझ्याकडून मिळालेल्या भीतीमुळे. मग ती आपणहून सांगत गेली, नाडी धरूनच. आठ दिवस झाले, डोकं पुन्हा दुखायला लागलंय, अंघोळीनंतर मळमळतं. आजार उलटतोय बहुतेक. गेल्या वर्षी डॉक्टरांनी फिट्स असाव्यात म्हणून गोळ्या सुरू केल्या, दिवसाला दोन, त्यांनी हात जड होतात. ऑपरेशन थिएटरमधून तिला काढून फायलींच्या खोलीत बसवलं, कारण टेबलाशी उभी असताना पडली तर काय. उद्या डोक्याचं स्कॅनिंग आहे. घरी सांगितलेलं नाही, घरचे आधीच लग्नाचं बघायचं थांबलेत. हे सगळं ती हसत हसत सांगत होती, पेशंटला सांगतात तशी. यातलं मला काही माहीत नव्हतं. मी दर रविवारी चहा प्यायचो, नळ गळतो का विचारायचो.

मी उठलो. पिशवी नव्हती, तिच्या स्वयंपाकघरातली सुरी घेतली, हिनं घेतली असेल तशीच. स्टुलावर चढलो आणि एकेक स्क्रू काढला. ती खाली उभी राहून विचारत होती की काका, हे आत्ता कशाला, राहू द्या ना, वारा येतो. खिशात फोन थरथरत होता, वकीलबाईंचा असणार. मी खाली उतरलो, चारी स्क्रू तिच्या तळहातावर ठेवले आणि सांगितलं. गेल्या वर्षीची शीट, हिनं काढलेली, मी पुन्हा बसवलेली, हवा, गॅस, सगळं. छत्रीवाल्याचा पलंग माझ्या डोळ्यांपुढे होता, अगदी त्याच्या चादरीच्या रेघांसकट, तरी बोलत राहिलो. बोलता बोलता आमची ही दारात येऊन उभी राहिली होती, चौकट धरून, धापा टाकत. तिनं मला थांबवलं नाही.

 साबणाचा फेस सिस्टरच्या कपाळावरून ओघळून भुवईवर थांबला होता, तो तिनं पुसला नाही. फळीवर गोळ्यांची बाटली होती, तिच्याकडे तिनं पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, बराच वेळ हिच्याकडेच.

“म्हणजे मला काहीच झालेलं नाही?” ती म्हणाली.

“नाही,” मी म्हणालो.

“फिट्स नाहीत?”

“तुला काही नाही, पोरी. जे होतं ते वर लावलेलं होतं.”

मला वाटलं, ती आता रडेल, किंवा ओरडेल, किंवा घराबाहेर व्हा म्हणेल, आणि मला तिन्ही चाललं असतं. तिनं यातलं काही केलं नाही. “काकू, तुम्हाला माहीत होतं,” एवढंच म्हणाली, प्रश्नासारखंही नाही. ही हो म्हणाली. मग तिनं स्क्रू टेबलावर ठेवले, एकेक करून, गाऊनची दोरी घट्ट केली आणि बाथरूममध्ये गेली. तिनं दार पूर्ण लोटलं. आम्ही दोघं बाहेर उभे होतो, मध्ये ती शीट भिंतीला टेकलेली. आतून गीझर लागल्याचा आवाज आला नाही.  मग कडी सरकल्याचा आवाज झाला, अकरा महिने न हललेली ती, म्हणून अडकत, दोन प्रयत्नांत, आणि त्यानंतर गार पाणी पडायला लागलं.